टाकी, बादल्या आणि वाचनाचा आनंद

घरात काही चांगलं घडलं तर ते दाताच्या डॉक्टरला सांगू नये. हा सल्ला मला कुणी वेळेवर दिला नाही, म्हणून आता मी तो भेटेल त्याला देत असतो. इतर माणसांचं एक बरं असतं. त्यांना आपण बातमी सांगितली की ती लगेच त्यांची बातमी ऐकवतात आणि दोन्ही बातम्या जागच्या जागी विरून जातात. दाताच्या डॉक्टरचं तसं नाही. त्याच्यासमोर माणसं दिवसभर तोंड उघडून बसलेली असतात आणि बोलत मात्र तो एकटाच असतो. त्यातून आमचे डॉक्टर आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांतल्या दाढा त्यांच्या ताब्यात आहेत.

पण आधी बातमी काय होती ते सांगतो.

रविवारची दुपार होती. कपाटाची मूठ माझ्या हातात निघून आली. मूठ निघून येण्यात नवीन काही नव्हतं, नवीन हे की ती बसवावी असं मला वाटलं. स्क्रू-ड्रायव्हर शोधायला मी मागच्या खोलीत गेलो. त्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जेमतेम मावेल एवढी बोळ आहे. कपाट करणाऱ्या सुताराने माप चुकवलं, आणि चूक दाखवल्यावर तो म्हणाला, "राहू द्या साहेब, अशी जागा पुढे कामाला येते." ती कामाला आली ती इस्त्रीचं टेबल, दोन जुन्या बॅगा आणि एक पातं नसलेला पंखा ठेवायला. मी इस्त्रीचं टेबल बाजूला केलं आणि मागे माझी मुलगी बसलेली होती.

बॅगेवर बैठक, पाय समोरच्या भिंतीला, मांडीवर जाडजूड पुस्तक, आणि ती एकटीच हसत होती.

तिचं वय पंधरा. गेलं वर्षभर तिचं माझ्याशी संभाषण म्हणजे "हं", "माहीत नाही" आणि "चार्जर कुठाय". मी तक्रार करत नव्हतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागातच बसतो. दिवसभर लोक मला विचारतात की नळाला पाणी का नाही, आणि मी सांगतो की काम चालू आहे. कुठलं काम, कुठे चालू आहे, हे मलाही ठाऊक नसतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत माझे कान आणि जीभ दोन्ही दमलेले असतात, त्यामुळे घरात कमी बोलणारं माणूस असणं एका परीने सोयीचंच. पण हीच मुलगी लहान असताना मी गोष्ट सांगता सांगता थांबलो की माझा कान ओढून "मग?" म्हणायची. तो "मग?" कधी बंद झाला ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं हे कुणाला सांगावं तेही कळेना.

"शाळेचं आहे का?" मी पुस्तकाकडे बघून विचारलं.

"नाही."

"मग परीक्षेला असेल."

"नाही हो, बाबा."

"मग कशाला वाचतेस?"

माझ्या कार्यालयात आलेल्या माणसाकडे मी ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आवडतंय म्हणून."

आणि मग काय झालं कोण जाणे, ती बोलायला लागली. मैत्रिणीकडून आणलेलं पुस्तक होतं. त्यात नकाशे काढणारी एक म्हातारी होती. ती प्रत्येक नकाशात आपल्या मनाचं एक गाव घुसवायची. नसलेलं गाव. कुणी पकडू नये इतकं छोटं. आणि एके दिवशी तिच्या दारात एक माणूस येतो, पिशवी खाली ठेवतो आणि म्हणतो, मी त्या गावाहून आलोय. हे सांगताना मुलीचे दोन्ही हात हवेत होते. मी जमिनीवर बसकण मारली होती, इस्त्रीचं टेबल माझ्या गुडघ्यांवर होतं आणि कपाटाची मूठ खिशात टोचत होती.

"मग?" मी म्हणालो.

"अजून तिथपर्यंत आले नाही." ती हसली आणि लगेच सावध झाली. "बाबा, कुणाला सांगू नका हं."

"छे! मी कशाला सांगू?"

"तुम्ही सांगता. मागे मी दोन दिवस पोहायला गेले तर तुम्ही ऑफिसात सांगितलंत की मी खाडी पार करणार आहे."

"नाही सांगणार. शप्पथ."

संध्याकाळी ही गोष्ट मी बायकोला सांगितली. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे. महिनाभर चाललंय. म्हणून तर मी कपड्यांना इस्त्री करायची बंद केलीय." मी माझ्या शर्टाकडे बघितलं. खरंच की. "आता तुम्ही तोंड बंद ठेवा म्हणजे झालं," ती म्हणाली.

तोंड बंद ठेवायला माझी काहीच हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली.

डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, अर्धा जबडा बधिर केला, दोन्ही हात माझ्या तोंडात घातले आणि आपल्या मुलाचं गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांचा मुलगाही पंधरा वर्षांचाच. "आमचे चिरंजीव! पुस्तक दाखवलं की जांभई देतात. मोबाईल हातातून काढला तर ओरडतात. दाढ काढताना पेशंट ओरडत नाही इतके. अहो, आजकालची मुलं वाचतच नाहीत. तुमची तरी कुठे वाचत असेल?"

बापाने बरेच अपमान गिळायचे असतात हे मला मान्य आहे. पण तोंडात दोन हात आणि एक नळी असताना माणसाला काहीच गिळता येत नाही. मी हात वर केला. त्यांना वाटलं दुखलं. त्यांनी हात काढले, मी चूळ भरली आणि म्हणालो, "माझी वाचते."

"अभ्यासाचं ना? ते नाही हो मी म्हणत."

"अभ्यासाचं नाही. आनंदासाठी."

अर्धा जबडा बधिर असल्यामुळे त्यांना ते कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "आनंदासाठी वाचते!" आणि बाहेर बाकावर गाल धरून बसलेली सगळी माणसं आत डोकावली. डॉक्टर हातातलं हत्यार तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला फार बरं वाटलं हे कबूल केलं पाहिजे. दाढेतही बरं वाटलं, आणि त्या भरात कपाटामागची बोळ, तिचं एकटीचं हसणं, नकाशेवाली म्हातारी, सगळं मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मला पहिल्यांदा अडवलं ते शिकवणीच्या बाईंनी. तळमजल्यावर त्यांची शिकवणी चालते आणि इमारतीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. "ऐकलं हं मी," त्या म्हणाल्या. "छान आहे. पण नुसतं वाचून सोडून देते की काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक प्रकरणावर चार-पाच प्रश्न काढून द्या. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. त्याने आनंद पक्का होतो. नाहीतर वाचलेलं वाया जातं बघा."

मी मान डोलावली. जिन्यात उभं असताना मी कुणालाही मान डोलावतो, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरी पोचलो तर माझ्या थोरल्या बहिणीचा फोन. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, पण तिचीही एक दाढ डॉक्टरांकडे आहे. "काय रे, पोरगी म्हणे कपाटामागे एकटी बसते आणि आपल्याशीच हसते? तुम्ही दोघं नोकरीवर असता, तुमचं लक्ष नाही. कुणाला तरी दाखव तिला." मी म्हणालो, आक्का, ती पुस्तक वाचते. ती म्हणाली, "सुरुवात अशीच होते." तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाला वाचनाची सवय लागली होती आणि त्याने शेवटपर्यंत नोकरी केली नाही, ही हकीकत तिने मला पुन्हा एकदा सांगितली. हा चुलतभाऊ आमच्या घराण्यात प्रत्येक गोष्टीचं उदाहरण म्हणून वापरला जातो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण डॉक्टर कामाचे माणूस. त्यांना दुखणं दिसलं की ते उपचार करतात. रविवारी ते वर आले आणि म्हणाले, "तुमच्या मुलीत जे आहे ते सगळ्या मुलांत आलं पाहिजे. दर शनिवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये इमारतीतल्या सगळ्या मुलांनी आनंदासाठी वाचायचं. सक्तीने. निमंत्रक तुम्ही."

"मी कशाला?"

"अहो, तुम्ही बाप आहात!"

आतल्या खोलीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी दाराकडे बघितलं नाही. निमंत्रक हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता. कार्यालयात मला 'खिडकी तीन' म्हणतात. मी म्हणालो, बघतो.

हॉलसाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. आमचे सेक्रेटरी हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले आणि तपासायला दुसरं काही उरलं नाही म्हणून आम्हाला तपासतात. त्यांनी माझा अर्ज चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "उद्देश या रकान्यात तुम्ही 'आनंद' लिहिलंय."

"हो."

"आनंद बसत नाही."

नियमावलीप्रमाणे हॉल तीनच कामांना देता येतो. सर्वसाधारण सभा, शोकसभा, आणि टाकीची सफाई चालू असताना बादल्या ठेवणे. मी म्हटलं, सभा म्हणा. ते म्हणाले, सभा म्हटली की इतिवृत्त आलं, कोरम आला, आणि अठरा वर्षांखालच्यांना मताधिकार नाही. शोकसभेला कुणीतरी गेलेलं लागतं. आम्ही दोघं बराच वेळ विचार करत बसलो. शेवटी त्यांनाच माझी दया आली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'टाकी-सफाई (वाचनासह)'. मी त्यांचे आभार मानले. पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्यातला धोका दिसायला हवा होता. नाही दिसला.

शनिवार उजाडला आणि इमारतीचं पाणी बंद झालं.

मी धावत खाली गेलो. सेक्रेटरी टाकीच्या झडपेपाशी किल्ली घेऊन उभे होते. "अहो, सफाई नाहीये!" मी म्हणालो. "खरी सफाई नाहीये!"

"कागदावर सफाई आहे. कागदावर सफाई आणि नळाला पाणी, हे मला चालणार नाही. उद्या कुणी तपासलं तर?"

"कोण तपासणार?"

"मी," ते म्हणाले.

तेव्हा आमच्या आनंदवाचनाचा पहिला दिवस बादल्यांमध्ये पार पडला. पाणी बंद म्हटल्यावर प्रत्येक घरातून बादल्या खाली आल्या आणि नियमाप्रमाणे हॉलमध्ये ओळीने ठेवल्या गेल्या. उरलेल्या जागेत मुलं बसली. डॉक्टरांनी दवाखान्यातून हत्यारं ठेवायचं स्टीलचं तबक आणलं होतं, त्यात सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. तबक हातात घेऊन ते एकेका मुलासमोर उभे राहिले की मुलं आपोआप तोंड उघडत होती. पुस्तकं ज्याने त्याने घरून आणायची होती. एकाने टेलिफोन डिरेक्टरी आणली. एका मुलीने गणिताच्या गाइडला कादंबरीचं कव्हर घालून आणलं होतं. याच्या उलट करतात हे मी ऐकलं होतं, पण असं प्रथमच बघत होतो. डॉक्टरांच्या चिरंजीवांनी धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका आणली आणि खरं सांगायचं तर सगळ्या हॉलमध्ये मन लावून वाचणारा तो एकटाच होता. मधेच तो म्हणाला, "पप्पा, आपल्या मशीनमध्ये लोकरीचं वेगळं बटन आहे." डॉक्टरांनी त्याला गप्प केलं.

माझ्या मुलीला सगळ्यांना दिसेल अशी समोर खुर्ची दिली होती. आदर्श म्हणून. ती पुस्तक उघडून बसली होती. एकच पान उघडं होतं आणि तासभर ते उलटलं नाही. मी निमंत्रक असल्यामुळे दाराशी उभा होतो आणि मला ते पान दिसत होतं.

तास संपल्यावर शिकवणीच्या बाईंनी हजेरी घेतली आणि विचारलं, "कुणाकुणाला आनंद झाला? हात वर." सगळ्यांनी हात वर केले, कारण मोबाईल त्यानंतर मिळणार होते. मग बाई माझ्या मुलीला म्हणाल्या, "तू सगळ्यांना तुझ्या पुस्तकाची गोष्ट सांग बरं. तुझे बाबा म्हणत होते, कुणी म्हातारी आहे."

ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. "म्हातारी मरते," म्हणाली आणि खाली बसली.

जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, "खरंच मरते?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी परत देऊन टाकणार आहे ते."

"अगं, पण तो माणूस आला होता ना त्या गावाहून? त्याचं काय झालं?"

"तुम्हाला सांगितलं होतं ना, बाबा. कुणाला सांगू नका म्हणून." ती ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती ओरडली नाही. दोन पायऱ्या पुढे गेली आणि म्हणाली, "माझं होतं ते."

घरी आल्यावर तिने इस्त्रीचं टेबल पुन्हा त्या बोळीत नीट उभं करून ठेवलं. पंखासुद्धा आत सारला. त्या दिवसापासून आमचं संभाषण पुन्हा चार्जरवर आलं, आणि चार्जर जागेवर असला तर तेही होईना. बायकोने माझ्या शर्टांना इस्त्री सुरू केली. इतके कडक कपडे घालून मी कार्यालयात कधी गेलो नव्हतो आणि इतक्या पडेल चेहऱ्यानेही गेलो नव्हतो.

सोमवारी खिडकी तीनवर पहिली तक्रार आली ती आमच्याच इमारतीची. 'शनिवारी कोणतीही सफाई न करता पाणी बंद ठेवण्यात आले, संबंधितांवर कारवाई व्हावी.' पहिली सही आमच्या हिची होती. मी अर्ज दोनदा वाचला. मग त्यावर, सवयीने, 'काम चालू आहे' असा शेरा मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

यानंतर मी निमंत्रकपद सोडायचे बरेच प्रयत्न केले. सेक्रेटरी म्हणाले, नेमणुकीची नोंद झाली, राजीनाम्याला सर्वसाधारण सभा लागेल, आणि सभेला हॉल मिळणार नाही कारण दर शनिवारी सफाई आहे. डॉक्टर तर ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हते. त्यांनी मुलांसाठी आनंद-अहवाल काढला होता. आठवड्यात किती पानं वाचली, किती आनंद झाला, झाला नसल्यास कारण. मुलं तो एकमेकांचा बघून लिहीत. दर शनिवारी पाणी बंद, दर शनिवारी बादल्या, आणि समोरच्या खुर्चीत माझी मुलगी, हातात आता शाळेचं भूगोलाचं पुस्तक. तिच्याकडे बघवत नव्हतं. दोन आठवडे तिच्याकडे न बघता दाराशी उभं राहून माझी मान अवघडली. कार्यालयातल्या शेजारच्या खिडकीवाल्याने मानेला तेल सुचवलं. माणसं काही ना काही सुचवतातच.

आणि मग डॉक्टरांनी कार्यक्रम ठरवला. मुलीच्या शाळेचे मुख्याध्यापक प्रमुख पाहुणे. सर्व पालक, सर्व पेशंट यांना निमंत्रण. मुख्य आकर्षण म्हणजे माझ्या मुलीचं भाषण, विषय 'मी आनंद कसा घेते'. मुख्याध्यापकांना कल्पना इतकी पसंत पडली की पुढच्या वर्षापासून शाळेत आनंदवाचनाची परीक्षा ठेवावी असं ते म्हणाले. लेखी आणि तोंडी.

ही बातमी डॉक्टरांनी आमच्या दारात उभं राहून सांगितली. मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली होती. तिने भांडं तसंच भरलेलं ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं, आता ही पुन्हा कधीच कुठलं पुस्तक उघडणार नाही. आणि जरी उघडलं, तरी मला कधी कळणार नाही. या दोन्हींपैकी दुसऱ्याचं मला जास्त वाईट वाटलं, आणि आपण किती आपमतलबी आहोत म्हणून पुन्हा वाईट वाटलं.

बायको म्हणाली, "गाठ तुम्ही मारलीत. आता तुम्हीच सोडवा."

"कशी?"

"तोंडाने मारलीत ना? तोंडानेच."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. बादल्या मागे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, तरी काही पेशंट बादल्या पालथ्या घालून बसले होते. मुलगी शेवटच्या ओळीत आईशेजारी, मान खाली. डॉक्टरांनी प्रास्ताविक केलं आणि म्हणाले, "आता निमंत्रक आपल्या कन्येची ओळख करून देतील."

मी उभा राहिलो. समोर सेक्रेटरी, शिकवणीच्या बाई, मुख्याध्यापक, आक्का आणि तिचा नवरा. आयुष्यात प्रथमच इतकी माणसं माझं बोलणं ऐकायला बसली होती आणि कुणाच्याही हातात रिकामी बादली नव्हती. खोटं का बोला, मनात आलं की दोन वाक्यं चांगली बोलून घ्यावीत. मग मी शेवटच्या ओळीकडे बघितलं.

"माझी मुलगी वाचत नाही," मी म्हणालो.

मुख्याध्यापकांनी डॉक्टरांकडे बघितलं.

"कधीच वाचत नव्हती. त्या दिवशी ती कपाटामागे मोबाईल बघत होती. पुस्तक मोबाईल टेकवायला घेतलं होतं. मी डॉक्टरांना थाप मारली. त्यांनी हत्यार हातात घेतलं होतं, मी घाबरलो होतो, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्या म्हातारीची गोष्टही मीच रचली. मुलीने मला परोपरीने सांगितलं की हे थांबवा. मला निमंत्रक व्हायचं होतं." मी हात जोडले. "सगळ्यांची क्षमा मागतो," म्हणालो आणि बसलो. बसायच्या जागी खुर्ची नव्हती, बादली होती.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. तसं काही झालं नाही. आधी एक मोठा सुस्कारा ऐकू आला, मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्या हॉलभर असा काही मोकळेपणा पसरला की आनंदवाचनाच्या एकाही शनिवारी मी तो पाहिला नव्हता. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं? कुणाचीच मुलं वाचत नाहीत." शिकवणीच्या बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, पण त्यांचाही चेहरा उजळला होता. डॉक्टर माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता माझ्या उरलेल्या दाढांचं काही खरं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "होतं असं. बापाचं मन असतं. पण मोबाईल फार वाईट हो." मुख्याध्यापक चहा घेऊन गेले. आक्का जाताना कानाशी म्हणाली, "मोबाईलच होता ना? मग बरं. मला वेगळीच भीती होती."

सेक्रेटरींनी नोंद केली, 'टाकी-सफाई पूर्ण'. नळाला पाणी आलं. मात्र इमारतीत माझं नाव 'थापाडे' पडलं ते आजतागायत. कुरिअरवालासुद्धा "थापाडे का?" असं विचारून पाकीट देतो, आणि मी हो म्हणतो.

त्या संध्याकाळी मुलगी माझ्यासमोरच जेवायला बसली. एवढा मोठा त्याग केल्यावर घरात निदान कुणीतरी हात धरून दोन शब्द बोलेल अशी माझी अपेक्षा होती, पण जेवताना ती फक्त म्हणाली, "मीठ." मी मीठ दिलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी कामावरून आलो, मागच्या खोलीत शर्ट बदलायला गेलो आणि कशाला तरी अडखळून पडलो. गुडघा चांगलाच शेकला. बघतो तर वाटेत इस्त्रीचं टेबल आडवं पडलेलं. त्याच्या पलीकडे पंखा. मी रागाने तोंड उघडलं, आणि मिटलं. गुडघा धरून तसाच जमिनीवर बसून राहिलो. कपाटाच्या पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं नाही. हळूच उठलो, लंगडत बाहेर आलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय पडलं हो?" मी म्हणालो, "काही नाही. मी." आणि मला इतका आनंद झाला की तो अहवालात कसा लिहायचा हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या रविवारी मी सोफ्यावर पडलो होतो. मुलगी आली आणि ते जाडजूड पुस्तक माझ्या पोटावर ठेवलं.

"पुन्हा मागून आणलं होतं. माझं झालं. दोन दिवसांत परत द्यायचंय."

मी पुस्तकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "ते गाव असतं का गं खरंच? की तो माणूस फसवत असतो?"

"बाबा!" ती म्हणाली. "वाचा की."

मी वाचायला लागलो. नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, ओळी जरा पळतात. पण म्हातारीने पहिलं गाव नकाशात घातलं तिथपर्यंत आलो, आणि तो माणूस दाराशी पोचणार एवढ्यात आमच्याच दाराची बेल वाजली. दारात डॉक्टर. मी पुस्तक सोफ्याच्या उशीखाली कोंबलं आणि त्यावर बसलो. हाताला लागला तो मोबाईल उचलला.

डॉक्टर आत आले. दाढ कशी आहे विचारलं. इकडेतिकडे बघितलं. "काय चाललंय?"

"काही नाही. मोबाईल बघतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बघितलं. दीर्घ उसासा टाकला आणि म्हणाले, "खाण तशी माती." आणि निघून गेले.

दार लागल्याबरोबर मुलगी हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून. कपाटामागे हसत होती तसंच. मी उशीखालून पुस्तक काढलं. बसल्यामुळे त्याची पानं दुमडली होती आणि मी कुठे होतो ते काही सापडेना.

"सरका," ती म्हणाली. माझ्या शेजारी येऊन बसली, पुस्तक हातात घेतलं, भराभरा पानं चाळून एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे होतात. माणूस दारात आलाय."

"तुला कसं कळलं?"

"तुमचं तोंड उघडं होतं," ती म्हणाली. "वाचा. मी बसते इथे."

मी वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या नसतील तोच तिने माझा कान ओढला.

"मग?" ती म्हणाली.